जमखंडीला निसटलेली रेघ

मागच्या वर्षी आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवात मुलांसमोर दहा मिनिटं 'महाराष्ट्र आणि विज्ञान' या विषयावर बोलायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी मोठ्या उत्साहाने विजयदुर्गाची गोष्ट सांगितली. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास सूर्यग्रहण, किल्ल्याच्या तटावर दुर्बीण लावून उभा असलेला लॉकियर नावाचा इंग्रज, त्याला दिसलेली पिवळी रेघ, आणि हेलियमचा शोध! टाळ्या वगैरे झाल्या. मग पहिल्या रांगेतल्या आठ-नऊ वर्षांच्या एका मुलाने हात वर केला. "काका, मग त्याने फोटो का नाही काढला?"

तेव्हा मी काहीतरी थातूरमातूर उत्तर देऊन वेळ मारून नेली. रात्री घरी येऊन शोधायला बसलो आणि दोन गोष्टी कळल्या. एक, मी सांगितलेली गोष्ट चुकीची होती. आणि दुसरी, त्या मुलाचा प्रश्न अगदी वर्मावर बोट ठेवणारा होता. त्याचं पुरतं उत्तर द्यायला शास्त्रज्ञांना शंभराहून जास्त वर्षं लागली. हा लेख म्हणजे त्या मुलाचं देणं आहे असं समजा.

आधी चूक दुरुस्त करतो. १८६८ च्या ग्रहणाच्या दिवशी नॉर्मन लॉकियर विजयदुर्गला नव्हता, तो इंग्लंडमध्येच होता. विजयदुर्गला दरवर्षी १८ ऑगस्टला हेलियम दिन साजरा केला जातो, त्याचं मला कौतुकच आहे. पण लॉकियर तिथे आला तो पुढे तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. किल्ल्यात 'साहेबाचे कट्टे' म्हणून दाखवतात ते त्या वेळचे. त्याच्याकडे परत येऊच, कारण या गोष्टीत विजयदुर्गाची जागा खरी आहे, फक्त वेगळी आहे.

१८६८ साली आपल्या भागात खरोखर दुर्बीण लावून बसला होता तो जॉन हर्शेल नावाचा लेफ्टनंट. युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेलचा हा नातू. तो हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात नोकरीला होता आणि लंडनच्या रॉयल सोसायटीने दिलेली उपकरणं घेऊन जमखंडीला आला होता. जमखंडी म्हणजे पटवर्धनांचं संस्थान. आज ते कर्नाटकात आहे, पण आमच्या आजीच्या पिढीला ते परकं वाटत नसे.

त्याचं काम असं होतं. ग्रहण लागलं की सूर्याच्या कडेला लालसर ज्वाळा दिसतात. त्या कशाच्या आहेत हे शोधायचं. त्यासाठी ज्वाळेचा प्रकाश एका बारीक फटीतून घ्यायचा, लोलकातून पसरवायचा आणि त्याचा वर्णपट बघायचा. तापलेला घन पदार्थ असेल तर सलग इंद्रधनुष्य दिसतं. तापलेला वायू असेल तर सुट्या सुट्या चमकदार रेघा दिसतात, आणि प्रत्येक मूलद्रव्याच्या रेघा ठरलेल्या जागीच येतात. जणू त्याचा अंगठाच.

भर ऑगस्ट महिना, आकाशात ढग. ग्रहणाच्या त्या मोजक्या मिनिटांत ढग येत-जात होते. तरी हर्शेलला ज्वाळेच्या वर्णपटात तीन ठळक रेघा दिसल्या: लाल, नारिंगी आणि निळी. म्हणजे ज्वाळा वायूच्या आहेत हे ठरलं. हे फार मोठं निरीक्षण होतं. पण आता रेघांच्या जागा मोजायच्या होत्या, आणि मापणीचा काटा एकच होता. काटा फिरवून एका रेघेवर आणायचा, आकडा वाचायचा, मग दुसरीकडे जायचं. मधेच ढग. नारिंगी रेघ त्याने सोडियमची 'डी' रेघ म्हणून नोंदली. त्या दिवशी इतर ठिकाणच्या बहुतेक निरीक्षकांनीही तेच केलं.

ती डी नव्हती. सोडियमच्या डी रेघा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरला असतात. ज्वाळेतली रेघ ५८७.६ ला होती. फरक जेमतेम दीड नॅनोमीटरचा. जमखंडीच्या आकाशात त्या सकाळी हेलियम स्वतःहून समोर येऊन उभा राहिला होता आणि ओळख पटायच्या आत निघून गेला. हर्शेलला यात बोल लावण्यात अर्थ नाही. एक डोळा, एक काटा आणि हातात काही मिनिटं. एवढ्यात जे होण्यासारखं होतं ते त्याने केलं.

मग ओळख पटली कशी? त्याच ग्रहणाला गुंटूरला आलेल्या फ्रेंच जॅन्सेनच्या लक्षात आलं की या रेघा इतक्या तेजस्वी आहेत की ग्रहण नसतानाही त्या दिसायला हव्यात. दुसऱ्याच दिवशी त्याने त्या पाहिल्या. इकडे इंग्लंडमध्ये लॉकियरने स्वतंत्रपणे तीच युक्ती काढून २० ऑक्टोबर १८६८ ला त्याच रेघा पाहिल्या. दोघांचीही पत्रं पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी वाचली गेली. आता वेळेची घाई संपली होती. निवांत बसून मोजता आलं, आणि तेव्हा कळलं की पिवळी रेघ डीशी जुळत नाही. लॉकियरने तिच्या मालकाला सूर्याच्या ग्रीक नावावरून हेलियम म्हटलं. पृथ्वीवर तो सापडायला रॅम्सेचं १८९५ साल उजाडावं लागलं.

म्हणजे हेलियमच्या ओळखीसाठी काय लागलं? जास्त मोठी दुर्बीण नव्हे. जास्त वेळ. एकेक रेघ मोजायची असेल तर वेळ पाहिजे. आणि वेळ नसेल तर सगळ्या रेघा एकदम टिपता आल्या पाहिजेत.

म्हणजे फोटो! त्या मुलाचं अगदी बरोबर होतं. पण १८६८ सालच्या ओल्या काचेच्या प्लेटी इतक्या मंद होत्या की असा अंधुक वर्णपट काही मिनिटांत त्यांच्यावर उमटणं कठीण होतं. पुढे कोरड्या जिलेटिनच्या प्लेटी आल्या. १८८२ च्या इजिप्तमधल्या ग्रहणात शुस्टरने सूर्याच्या प्रभामंडलाच्या वर्णपटाचा फोटो घेतला. आणि १८९८ साली लॉकियर विजयदुर्गला उतरला तेव्हा त्याच्या सामानात लोलक बसवलेले कॅमेरे होते. यात फटच नाही. ग्रहणात उरलेली सूर्याची बारीक कोर हीच फट. प्रत्येक रंगाची रेघ कोरीसारखी वक्र उमटते. 'मेल्पोमीनी' या युद्धनौकेचे खलाशी मदतीला होते. खग्रास अवस्था होती सुमारे दोन मिनिटांची. म्हणजे जमखंडीपेक्षाही कमी वेळ, पण आता काटा फिरवायचाच नव्हता. प्लेट सरकवा, उघडा, बंद करा, पुढची प्लेट. अभ्यास नंतर, घरी.

त्याच दिवशी सोलापूर जिल्ह्यात जेऊर स्टेशनजवळ दुसरा तळ पडला होता. तिथे अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचा कॅम्पबेल होता आणि आपल्या पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला होते. नायगमवालांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून पुण्यात महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी केली होती. तिथली वीस इंची दुर्बीण ही त्या काळी देशातली सर्वांत मोठी. वर्णपटशास्त्र हाच त्यांचा खास विषय. विजयदुर्गाच्या लॉकियरबद्दल आपण इतकं बोलतो, पण जेऊरच्या नायगमवालांचं नाव मी चाळिशीकडे झुकेपर्यंत ऐकलं नव्हतं, याची जरा लाज वाटली.

फोटोच्या प्लेटकडे जरा माझ्या धंद्याच्या नजरेने बघू. आम्ही संगणकवाले 'चॅनेल' म्हणतो तसे प्लेटवर हजारो चॅनेल असतात. वर्णपटाच्या प्रत्येक तुकड्यासाठी काचेवर वेगळी जागा, आणि सगळ्या जागा एकाच वेळी प्रकाश साठवत राहतात. १९२८ साली रामन आणि कृष्णन यांनी कलकत्त्याला जो परिणाम शोधला तोही प्लेटवर असाच नोंदवला गेला. रामन परिणामात प्रकाशाचा अत्यंत थोडा अंश, साधारण दहा लाखात एक किंवा त्याहूनही कमी, रंग बदलून बाहेर पडतो. तासन् तास प्लेट उघडी ठेवायची तेव्हा कुठे अंधुक रेघा उमटायच्या. एकेक रेघ शोधत बसले असते तर काम कधी संपलं असतं कोण जाणे.

पण प्लेटची खोडही मोठी. तिच्यावर पडणाऱ्या शंभर प्रकाशकणांपैकी जेमतेम एखादा नोंदला जातो. बाकी सगळे वाया. शिवाय दुप्पट प्रकाश म्हणजे दुप्पट काळं असा सरळ हिशोबही नसतो. १९३० च्या दशकात फोटोमल्टिप्लायर नळी आली. ती शंभरातले वीसेक कण मोजू शकते, आणि हिशोब अगदी चोख. शास्त्रज्ञ हरखले. पण ही नळी म्हणजे एकच डोळा. पुन्हा जमखंडी! वर्णपटासमोर एक फट ठेवायची आणि ती हळूहळू सरकवत एकेक तुकडा मोजायचा. तासाभरात हजार तुकडे मोजायचे तर प्रत्येक तुकड्याच्या वाट्याला ३.६ सेकंद येतात. त्या ३.६ सेकंदांत उरलेल्या ९९९ तुकड्यांचा प्रकाश फटीच्या पाट्यावर आपटून फुकट जातो. लाखो वर्षं प्रवास करून आलेला ताऱ्याचा प्रकाश शेवटच्या बोटभर अंतरावर आपण अडवायचा, हे जरा क्रूरच आहे.

म्हणजे दोन पर्याय, दोन्ही अर्धवट. प्लेट सगळं एकदम बघते पण मंददृष्टी. नळीची नजर तीक्ष्ण पण ती एका वेळी एकच बघते. त्यात इन्फ्रारेड म्हणजे अवरक्त प्रकाशाच्या लोकांची अवस्था आणखी वाईट. त्यांना पुढच्या टोकाला प्लेट चालत नाही आणि नळीही चालत नाही. त्यांच्याकडे उष्णता मोजणारी उपकरणं, आणि त्या उपकरणांचा स्वतःचाच गोंगाट इतका की ताऱ्याचा आवाज त्यात बुडून जायचा.

मला सगळ्यात आवडलेला भाग इथे सुरू होतो. केंब्रिजमध्ये पीटर फेल्गेट नावाचा तरुण ताऱ्यांचा अवरक्त वर्णपट मोजू पाहत होता. त्याच्या १९५१ च्या प्रबंधात त्याने एक प्रश्न विचारला: डिटेक्टर एकच आहे ना, मग त्याच्यावर सगळेच रंग एकदम का पाडू नयेत? फक्त प्रत्येक रंगावर अशी खूण करायची की नंतर तो वेगळा काढता येईल.

हे ऐकायला जादू वाटतं, म्हणून तराजूचं उदाहरण घेतो. समजा चार दागिने आहेत आणि सोनाराचा दोन पारड्यांचा तराजू. तराजू थोडा वेडावाकडा आहे, दर वेळी गुंजभर इकडेतिकडे दाखवतो. एकेक दागिना वेगळा तोलला तर प्रत्येकाच्या वजनात गुंजेची चूक. आता तोलण्या चारच करायच्या, पण वेगळ्या रीतीने. पहिल्यांदा चारही दागिने एकाच पारड्यात. मग तीन वेळा दोन इकडे, दोन तिकडे, आणि प्रत्येक वेळी जोड्या बदलून. चार आकडे मिळाले. बेरीज-वजाबाकी करून चौघांची वजनं वेगळी काढता येतात. गंमत अशी की प्रत्येक दागिना चारही वेळा तोलला गेला, त्यामुळे चुका एकमेकींना खाऊन टाकतात आणि चूक निम्म्यावर येते. तराजू तोच, सोनार तोच, कष्ट तेवढेच. संख्याशास्त्रज्ञ येट्सने १९३५ साली आणि हॉटेलिंगने १९४४ साली वजनांबद्दल हे दाखवून दिलं होतं.

यात एक अट आहे, ती लक्षात ठेवा: तराजूची चूक पारड्यातल्या ओझ्यावर अवलंबून नसली पाहिजे. रिकामा असो की भरलेला, गुंज म्हणजे गुंज. अवरक्त डिटेक्टर अगदी असाच असतो. गोंगाट त्याचा स्वतःचा, प्रकाश किती आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. म्हणून हजार रंग एकदम तोलले तर चूक हजारच्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे ३२ पटीने कमी होऊ शकते. प्रत्यक्षात फायदा थोडा कमी मिळतो, कारण खूण करताना काही प्रकाश गमवावा लागतो. पण तरीही केवढा! याला आज 'फेल्गेटचा फायदा' म्हणतात. (हेच फेल्गेट पुढे रेडिंग विद्यापीठात सायबरनेटिक्सचे प्राध्यापक झाले आणि चारी बाजूंनी आवाज ऐकू येणाऱ्या 'अँबिसॉनिक्स' तंत्रावरही त्यांनी काम केलं. काही माणसांची झोप कधी होते कळत नाही.)

रंगांवर खूण करायची कशी? फेल्गेटने मायकेलसनचं व्यतिकरणमापक वापरलं. प्रकाशाचे दोन भाग करायचे, एकाचा रस्ता आरसा सरकवून कमी-जास्त करायचा आणि दोन्ही पुन्हा एकत्र आणायचे. आरसा सरकतो तसा प्रत्येक रंग आपापल्या वेगळ्या तालात उजळतो-मंदावतो. डिटेक्टरवर सगळ्या तालांचा एकच कल्लोळ येतो. नाशिक ढोलाच्या पथकात प्रत्येकाचा ताल वेगळा असला आणि तुम्ही एकच मायक्रोफोन ठेवला, तरी नंतर गणिताने एकेक ढोल वेगळा काढता येईल, तसं. ते गणित म्हणजे फूरिये रूपांतर. आमच्या इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला ते शिकवलं तेव्हा कशासाठी शिकतोय हे कुणी सांगितलं नव्हतं.

गणित माहीत असणं वेगळं आणि करणं वेगळं. साध्या पद्धतीने दहा लाख बिंदूंचं रूपांतर करायचं तर दहा लाख गुणिले दहा लाख इतक्या क्रिया लागतात. १९५० च्या दशकातल्या संगणकांना हे झेपणारं नव्हतं. १९६५ साली कूली आणि टुकी यांनी जलद फूरिये रूपांतराची रीत छापली आणि त्या दहा लाखांच्या हिशोबाला सुमारे दोन कोटी क्रिया पुरू लागल्या. म्हणजे पन्नास हजार पट कमी. दुसऱ्याच वर्षी फोरमनने ही रीत वर्णपटासाठी वापरता येते हे दाखवलं. फ्रान्समध्ये पिएर आणि जानीन कॉन या जोडप्याने तर कमाल केली. पिएर यंत्र बांधणारे, जानीन गणित आणि संगणक सांभाळणाऱ्या. त्यांनी ग्रहांचे असे बारीक अवरक्त वर्णपट काढले की १९६७ साली शुक्राच्या वातावरणात हायड्रोजन क्लोराइड आणि हायड्रोजन फ्लोराइड सापडले. दहा लाखात एका भागाहूनही कमी प्रमाण, आणि तेही पृथ्वीवर बसून! १९६९ साली डिजिलॅब कंपनीने एफटीएस-१४ हे यंत्र बाजारात आणलं. त्याच्या शेजारी डेटा जनरलचा 'नोव्हा' मिनी-संगणक जोडलेला असे. आज कुठल्याही रसायनाच्या प्रयोगशाळेत 'एफटीआयआर' नावाचा जो डबा असतो तो याचाच वंशज.

दुसरी वाट मार्सेल गोले या स्विस माणसाची. तो अमेरिकन लष्कराच्या सिग्नल कोअरमध्ये काम करत असे. आरसे सरकवण्याऐवजी त्याने १९४९ साली सुचवलं की एका फटीऐवजी अनेक फटींची जाळी करा, उघड-बंद, उघड-बंद अशा विशिष्ट नक्षीची. त्या नक्षीसाठी त्याने अंकांच्या जोड्या शोधल्या, त्यांना आज गोलेच्या पूरक मालिका म्हणतात. हे वाचताना मी खुर्चीतून उठलोच. कारण हाच तो गोले, ज्याचा 'गोले कोड' आम्ही परीक्षेसाठी घोकला होता! व्हॉयेजर यानांनी १९७९ ते १९८१ मध्ये गुरू-शनीचे रंगीत फोटो पाठवले ते याच कोडमध्ये गुंडाळून. अंधुक वर्णपट वाचणं आणि अंधुक रेडिओ संदेश वाचणं हा त्याच्या लेखी बहुधा एकच प्रश्न होता.

गोलेच्या जाळीला पक्कं गणित मिळालं ते १९६८-६९ च्या सुमारास, हॅडमार्ड मॅट्रिक्समधून. हॅडमार्ड मॅट्रिक्स म्हणजे अधिक एक आणि उणे एक यांचा चौकोन, ज्यात कुठल्याही दोन ओळी एकमेकींशी पूर्ण काटकोनात असतात. आपल्या सोनाराच्या चार तोलण्या म्हणजे चार बाय चारचा हॅडमार्डच. कॉर्नेलमधले मार्टिन हारविट आणि बेल लॅबमधले नील स्लोन यांनी यावर वर्णपटमापक उभे केले. स्लोन म्हणजे तेच, पूर्णांकांच्या मालिकांचा प्रचंड कोश जमवणारे. माझ्या क्षेत्रातल्या निम्म्या लोकांनी तो कोश कधी ना कधी उघडलेला असतो.

आणि इथे अवचित एक मराठी नाव भेटलं. शरदचंद्र शंकर श्रीखंडे. १९१७ चा जन्म, नागपूरला शिक्षण, पुढे मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे प्रमुख. १९५९ साली राजचंद्र बोस आणि पार्कर यांच्याबरोबर त्यांनी ऑयलरचं पावणेदोनशे वर्षं टिकलेलं एक अनुमान खोटं पाडलं, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. त्याच वर्षी बोस आणि श्रीखंडे यांनी हॅडमार्ड मॅट्रिक्स आणि चुका सुधारणारे कोड यांचं नातं दाखवणारा निबंध लिहिला. वर्णपटाशी त्यांचा थेट संबंध नव्हता, उगाच ओढूनताणून जोडत नाही. पण तराजू, कोड आणि प्रकाश या तीन वाटा जिथे भेटतात, त्या गणितावर त्यांचं नाव आहे. २०२० साली, वयाच्या १०३ व्या वर्षात ते गेले.

आता ती अट आठवा. तराजूची चूक ओझ्यावर अवलंबून नसावी. डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशात फोटोमल्टिप्लायर इतकी स्वच्छ होती की तिचा स्वतःचा गोंगाट जवळजवळ नव्हताच. उरला तो प्रकाशाचाच गोंगाट. प्रकाश कणाकणाने येतो, पावसाच्या थेंबांसारखा, कधी जास्त कधी कमी. जितका प्रकाश जास्त तितकी ही चढउतार जास्त. म्हणजे असा तराजू, की जड वस्तू ठेवली की चूक वाढते. अशा वेळी सगळे रंग एकत्र तोलले तर ठळक रेघेचा गोंगाट शेजारच्या अंधुक रेघेवरही सांडतो. फायदा नाहीसा होतो आणि अंधुक रेघेचं तर नुकसानच. अनेक हुशार माणसांना हे पचायला वेळ लागला. एक युक्ती एका ठिकाणी चमत्कार करते म्हणून दुसरीकडेही करेल असं नाही, हे आम्ही सॉफ्टवेअरवाले दर तीन वर्षांनी नव्याने शिकतो.

म्हणून दृश्य प्रकाशाला एकच उपाय उरला: प्रत्येक रंगाला स्वतःचा डोळा. फोटोच्या प्लेटसारखे हजारो चॅनेल, पण नळीसारखे तीक्ष्ण. १९७० च्या दशकात टीव्हीच्या नळ्या आणि फोटोडायोडच्या रांगा वापरून प्रयत्न झाले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या अलेक बोक्सेनबर्गने प्रकाशवर्धक नळीमागे टीव्ही कॅमेरा लावून एकेक प्रकाशकण मोजणारं यंत्र बनवलं. १९७३ साली तो ते पालोमारच्या दोनशे इंची दुर्बिणीवर घेऊन गेला. पण बाजी मारली ती बेल लॅबमध्ये १९६९ साली बॉयल आणि स्मिथ यांनी सुचवलेल्या सीसीडी चिपने. सिलिकॉनच्या पाटीवर बादल्यांच्या रांगा, प्रत्येक बादलीत तिच्यावर पडलेला प्रकाश विजेच्या रूपात साठतो आणि शेवटी बादल्या ओळीने मोजल्या जातात. चांगल्या सीसीडीत शंभरातले ऐंशी-नव्वद कण नोंदले जातात. २००९ साली दोघांना नोबेल मिळालं. रामनच्या अंधुक रेघा, ज्यांच्यासाठी तासन् तास प्लेट उघडी ठेवावी लागे, त्या आता काही सेकंदांत दिसतात. औषधाच्या गोळीवर हातातलं यंत्र रोखून ती खरी की बनावट हे सांगता येतं, ते यामुळेच.

पुण्याच्या तख्तसिंगजी वेधशाळेचं दार १९१२ मध्ये बंद झालं आणि तिची दुर्बीण कोडाईकनालला गेली. २००६ साली आंबेगाव तालुक्यात गिरवलीला पुण्याच्या आयुकाने दोन मीटरची दुर्बीण उभी केली, तिच्यावर सीसीडी लावलेला वर्णपटमापक आहे. आणि चिलीमधल्या व्हीएलटी दुर्बिणीवर २०१४ पासून 'म्यूज' नावाचं यंत्र आहे, ते एका वेळी सुमारे नव्वद हजार वर्णपट टिपतं. हर्शेलच्या एका काट्याच्या शेजारी हा आकडा ठेवून मी बराच वेळ नुसता बघत बसलो होतो.

या वर्षी गणपतीत तो मुलगा पुन्हा भेटला, उंची वाढलेली. मी त्याला सांगितलं की तेव्हा मी चुकीचं सांगितलं होतं, माणूसही चुकीचा आणि साल पण. त्याला त्याचं फारसं काही वाटलं नाही. त्याला पुढचं हवं होतं: आता सूर्याचा वर्णपट कोण काढतं? मग फोनवर त्याला 'आदित्य एल-१' चं चित्र दाखवलं. २ सप्टेंबर २०२३ ला श्रीहरिकोट्याहून गेलेलं यान, त्यावर बेंगळुरूच्या खगोलभौतिकी संस्थेने बांधलेला प्रभामंडलाचा वर्णपटमापक. चंद्राची वाट बघायला नको, यंत्राच्या आतच सूर्याचा गोळा झाकलेला असतो. आणि फट? फट एक नाही, एकापेक्षा जास्त आहेत, शेजारी शेजारी.

"मग ढग आले तर?" त्याने विचारलं.

पंधरा लाख किलोमीटरवर ढग नसतात, एवढं मी तरी आत्मविश्वासाने सांगू शकलो.